टाचणीची जागा

निकाल शुक्रवारी आला होता. रविवार उजाडला तरी घरात कुणी कुणाचं अभिनंदन केलं नव्हतं.

तसं अभिनंदन करण्यासारखं घडलं होतं. घरातल्या दोन मुलींपैकी एकीला विद्यापीठात गणिताची जागा मिळाली होती. विद्यापीठ सरकारी, शिकवणारे नावाजलेले, आणि अर्ज इतके येत की ज्याला जागा मिळे त्याचं नाव गल्लीत वर्षभर घेतलं जाई. फक्त जागा जिला मिळायला हवी होती, तिला मिळाली नव्हती.

घरातल्या दोन भावांपैकी मोठ्याच्या मुलीला सगळे प्रोफेसर म्हणत. ती पाच वर्षांची असताना कोटाच्या गुंड्यांमध्ये किती अंतर सोडायचं ते तिने मास्तरांच्या आधी तोंडी सांगितलं होतं. आजोबांना, म्हणजे दुकानातल्या शिंपी मास्तरांना, इतका आनंद झाला की हातातला खडू तसाच धरून ते शेजारच्या दुकानात सांगायला गेले. नाव त्यांनीच ठेवलं. धाकट्याची मुलगी टाचणी. अंगाने बारीक, आणि दुकानाच्या फरशीवर पडलेल्या टाचण्या वेचत बसायची तिला लहानपणापासून खोड. दोघींच्या जन्मात तीन महिन्यांचं अंतर. शाळेत प्रोफेसर पहिली आणि टाचणी कधी सातवी, कधी अकरावी. विद्यापीठाचा अर्ज टाचणीने भरला तो केवळ प्रोफेसरच्या आग्रहाखातर. "एकटीने भरायला भीती वाटते गं, तूही भर ना," ती म्हणाली होती, आणि टाचणीने भरला.

विद्यापीठ गुण बघे, एक निबंध लिहून घेई आणि मग मुलाखतीला बोलवी. त्यात कशाला किती वजन, हे आजवर कुणालाही कळलेलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी दोघींचे मोबाईल एकदमच वाजले. टाचणीला प्रवेश मिळाला होता. प्रोफेसर प्रतीक्षायादीत होती. यादीत कितवी, हे लिहिलेलं नव्हतं. टाचणीने हो किंवा नाही ते पुढच्या शुक्रवारच्या आत कळवायचं होतं.

म्हणून रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं.

आत्या सगळ्यांत शेवटी पोचली. ती वसतिगृहाच्या कपडेकोठीत कामाला होती. चादरी, गाद्यांच्या खोळी, पडदे मोजून घ्यायचे, फाटलेले शिवायचे, धुऊन आलेले रचून ठेवायचे. वसतिगृह विद्यापीठाचं, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे आत्या.

दार मोठ्या भावाने उघडलं. "ये. चालत आलीस?"

"नाही, मोटारीतून. मोटार कोपऱ्यावर उभी केलीय."

हा विनोद ती वर्षानुवर्षं करत आली होती, आणि मोठा दर वेळी हसत आला होता. आज तो नुसता बाजूला झाला. तेवढ्यावरून तिला कळलं की आजचं जेवण कशासाठी आहे.

ती आधी आत गेली. टाचणी ओट्यापाशी ताटं पुसत उभी होती. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अभिनंदन गं पोरी."

"आत्या, हळू," टाचणी म्हणाली.

खाली दुकान, मागे कामाची खोली आणि वर राहायच्या तीन खोल्या, असं ते घर. माणसं वाढली की वरच्या स्वयंपाकघरात मावेनाशी होत, मग कामाच्या खोलीतल्या कापायच्या टेबलावर चादर टाकून पानं मांडली जात. त्या टेबलाइतकं लांब टेबल त्या अख्ख्या रस्त्यावर कुणाकडे नव्हतं. मास्तरांच्या हयातीत रविवारी त्याच्याभोवती इतकी गर्दी व्हायची, की पोरं टेबलाखाली बसून जेवायची आणि वरून कुणीतरी हात खाली घालून वाढायचं. आता आजी धरून सातच माणसं होती आणि टेबल अर्ध्याहून जास्त मोकळं राहिलं होतं. त्या मोकळ्या भागावर, चादर बाजूला सारून ठेवलेले एका गिऱ्हाइकाचे दोन कोट पडले होते.

जेवण निमूट झालं. भात छान मोकळा झालाय, असं धाकटा दोनदा म्हणाला. मग मोठ्या सुनेने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

"वन्सं, तुम्ही आत आहात. तुम्हीच सांगा, ही यादी कशी सरकते?"

"मी आत आहे म्हणजे चादरींच्या आत आहे, वहिनी."

"तरी कानावर येत असेलच की काहीतरी."

"कानावर एवढंच येतं की अमुक खोलीतली खाट रिकामी झाली, नवी खोळ घाला. कोण गेलं, त्याच्या जागी कोण आलं, का आलं, ते खाटेला विचारून कळत नाही."

धाकटा हसला, वहिनीकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

मोठा दुकानात कापायचं काम करी. बोलायचाही तसाच, आधी मनात आखून. "समजा," तो म्हणाला, "एकाने जागा सोडली. ती रिकामी राहणार नाही. यादीतल्या कुणाला तरी द्यावीच लागेल. बरोबर?"

"कुणाला तरी. हो."

"मग हिला का नाही? त्या यादीत हिच्यापेक्षा वर कोण असणार?"

"दादा, हिच्यापेक्षा वर कोण असणार, असं आपण शुक्रवारपर्यंतही म्हणत होतो."

प्रोफेसर एक फळ सोलत होती. साल मध्ये न तुटता एका लांब पट्टीत निघत होतं आणि ती डोळे वर न करता त्याच्याकडेच बघत होती.

मोठ्या सुनेच्या मनात पाप नव्हतं, हे इथेच सांगितलेलं बरं, कारण पुढे या घरात तिच्याविषयी पुष्कळ वाईट बोललं गेलं. धाकट्याची बायको गेली तेव्हा टाचणी तीन वर्षांची होती. धाकटा बस चालवायचा, लांब पल्ल्याची, चार चार दिवस घराबाहेर. तो एका हातात पोर आणि एका हातात पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, थोडे दिवस." ते थोडे दिवस कधी संपले नाहीत आणि सुनेने ते कधी मोजलेही नाहीत. एकीला ताप आला तर तिने दुसरीलाही कुशीत घेतलं. दोघी आपल्याला सारख्याच, असं ती मानायची, आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

शिवाय ते घर दुरुस्तीच्या शिवणकामावर चाललेलं होतं. नवं ते फारसं शिवत नसत. आखूड करायचं, सैल करायचं, एकाचं दुसऱ्याला बसवायचं. मास्तरांचा राखाडी कोट मोठ्याने वापरला, मग त्याचं आत्याचं जाकीट झालं, आणि त्यातून उरलेल्या कापडाची दोन्ही मुलींची दप्तरं. प्रोफेसरचा प्रत्येक फ्रॉक वर्षभराने दोन टिपा मारून टाचणीच्या अंगावर आला. या घरात वस्तू ज्याला बसेल त्याची असे आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नसे. जागा हीसुद्धा वस्तूच, आणि ती चुकून भलत्या अंगावर शिवली गेलीय, आपण उसवून नीट बसवू, असं त्या बाईला शुक्रवारपासून मनोमन वाटत होतं. विद्यापीठ काही आपल्या दुकानात बसलेलं नाही, हे तिच्या लक्षातच आलं नाही. इतरांच्याही आलं नाही.

"मी वाईट बोलत नाही," ती म्हणाली. "टाचणीला मिळाली, मला आनंदच आहे. पण टाचणीला गणितच करायचं होतं असं कुठे आहे? तिने हिच्यासोबत म्हणून अर्ज भरला. ती इथल्या कॉलेजातही शिकेल, दुकानही सांभाळेल, तिचा हात चांगला आहे. हिने मात्र दुसरं काही शिकूनच घेतलं नाही. हिला साधं बटण लावता येत नाही."

"आई," प्रोफेसर म्हणाली.

"खोटं आहे का?"

"नाही."

"टाचणी, तुझं काय म्हणणं आहे?"

टाचणीला शुक्रवारपासून हा प्रश्न कुणीतरी विचारेल असं वाटत होतं. तिने उत्तरही जुळवून ठेवलं होतं. मुलाखतीला तीन जण बसले होते, आणि त्यातल्या वयस्कर बाईंनी तिला विचारलं होतं, की सपाट कापड गोल खांद्यावर बसतं कसं. टाचणीने समोरचा कागद घेतला, फाडला, दुमडला आणि बोलत सुटली. किती वेळ बोलली ते तिला आठवत नव्हतं. त्या बाई पुढे वाकून ऐकत होत्या. बाही लावताना चुण्या कुठे घ्यायच्या, हे घरात सगळ्यांनाच येत होतं. त्यामुळे त्याविषयी तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. परत येताना बसमध्ये तिला वाटलं होतं, अजून थोडं विचारलं असतं तर बरं झालं असतं. हेच सांगायचं होतं. पण टेबलाभोवतीची सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली पाहिल्यावर ते तिला लहान मुलाच्या बढाईसारखं वाटायला लागलं.

"काकू, मी..."

"ती सोडेल," धाकटा म्हणाला.

आत्याने मान वळवली. "तिला बोलू दे की."

"ताई, माझी मुलगी आहे ती."

"रविवारपुरती."

हे तोंडातून गेलं आणि आत्यालाच बोचलं. धाकट्याने चमचा सरळ केला, मग पुन्हा वाकडा ठेवला. तो रागावलेला दिसला नाही. रागावता आलं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं. या टेबलाशी त्याची खुर्ची ठरलेली नव्हती. दर वेळी कुठूनतरी एक ओढून दिली जाई. त्याची मुलगी या घरात जेवली, शिकली, निजली, आणि दर रविवारी तो वहिनीच्या हातचं जेवताना काही देता येईल का याचा विचार करायचा. आज पहिल्यांदा देण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे होतं. ते आपलं नाही, मुलीचं आहे, हे त्याला समजत नव्हतं असं नाही.

"दादा-वहिनींनी तिला वाढवली," तो म्हणाला. "तिला कळतं ते. हो ना गं?"

टाचणी म्हणाली, "कळतं, बाबा."

"पाहिलंस, ताई?"

"पाहिलं. माझी सायकल तुला गेली तेव्हा मलाही असंच कळलं होतं."

"कुठली सायकल?"

"तुला डेपोत नोकरी लागली तेव्हाची. निळी."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. "ती तुझी होती? मला वाटलं बाबांनी कुठून आणली."

"माझ्या पहिल्या पगाराची होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही. सकाळी उठले तर तू तिच्यावर बसून गेला होतास."

मोठा म्हणाला, "आता सायकलचं काय मध्येच. ती मोडीत जाऊनही जमाना झाला."

"दादा, मी सायकलचं बोलत नाहीये," आत्या म्हणाली. "तुम्ही तिला सोडायला लावाल. ती सोडेल, कारण ती तशीच आहे. आणि मग ती जागा त्या यादीतल्या कुठल्यातरी पोराला जाईल, ज्याला आपण आयुष्यात बघणार नाही. आपल्या दोन्ही मुली इथे बसून राहतील. मग काय करणार आहात?"

"म्हणजे प्रयत्नच करायचा नाही?" सून म्हणाली. "तुम्हाला काय हो, तुम्हाला..." आणि ती थांबली. तुम्हाला कुठे मुलं आहेत, हे वाक्य टेबलावर सगळ्यांना ऐकू आलं. आत्याने पदराने तोंड पुसलं.

राहिली आजी. ती भिंतीशी तिच्या जुन्या खुर्चीत बसली होती. तिला आता फार दिसत नसे. मांडीवर डबा घेऊन ती हातानेच गुंड्या वेगळ्या करत बसे, दोन भोकांच्या इकडे, चार भोकांच्या तिकडे. तिच्या काळी निकाल भिंतीवर लागत. मोठ्याचा शाळेचा शेवटचा निकाल लागला तेव्हा मास्तर दुकान बंद करून गेले होते, आणि ती मागोमाग गेली होती. गर्दीत घुसून मास्तरांनी नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवून ते उभेच राहिले. लोक मागून ढकलत होते, पण ते बोट काढेनात. बोट काढलं तर नाव जाईल असं वाटलं, असं त्यांनी घरी आल्यावर तिला एकटीला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी तिला जो चहा करून दिला, तसा गोड चहा तिला पुढे कधी लागला नाही. भिंतीवरचं ते नाव निदान डोळ्यांनी बघता येत होतं. आता ते कुणाच्या हातात असतं, कोण पुसतं, कोण लिहितं, काही कळत नाही.

"टाचणे, इकडे ये," आजी म्हणाली.

टाचणी जाऊन तिच्या गुडघ्याशी बसली.

"मी तुला जे जे आखूड करून दिलं ते तू घातलंस. कधी तोंड वाकडं केलं नाहीस. मला ते माहीत आहे हो." आजीचा हात तिच्या केसांवरून फिरत होता. "आजवर सगळं तिच्याकडून तुझ्याकडे आलं. एक तुझ्याकडून तिच्याकडे जाऊ दे. तुला पुढच्या वर्षी बघू."

आजी हे इतक्या मायेने बोलली, की टाचणीला तिथे बसवेना. ती उठली, "मी वर जाऊन येते," म्हणाली आणि गेली. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वाजल्या.

"जा तिच्याबरोबर," सून मुलीला म्हणाली. "एकटी नको राहायला."

प्रोफेसर उठली. सोललेलं फळ तसंच ताटलीत राहिलं.

वरच्या खोलीत दोन पलंग आणि एक मेज होतं. मेजाशी प्रोफेसर बसे आणि टाचणी पलंगावर मांडीवर पुस्तक घेऊन अभ्यास करी. हे कुणी ठरवलं नव्हतं. आज टाचणी मेजाच्या खुर्चीवर बसली होती, त्यामुळे प्रोफेसरला क्षणभर कुठे बसावं ते समजेना. मग ती टाचणीच्या पलंगावर बसली. इथून खिडकी दिसत नाही, हे तिला आज समजलं.

"आत्या म्हणते ते बरोबर आहे," ती म्हणाली. "तू सोडलीस तरी मला मिळेलच असं नाही."

"माहीत आहे."

"तू माझ्यावर चिडलीयेस?"

"तुझ्यावर कशाला. तू तर काहीच बोलली नाहीस."

प्रोफेसरने हात मांडीवर घट्ट धरले. खाली टेबलाशी बसल्या बसल्या तिच्या मनात एक वाक्य तयार होत होतं. मला नको, जिची आहे तिला राहू दे. शाळेत कुठलाही प्रश्न आला की बरोबर उत्तर तिला आधी दिसे आणि मग ते कसं आलं ते दिसे. हे उत्तरही दिसत होतं, स्पष्ट. पण हात वर होत नव्हता. शुक्रवारपासून एकच विचार पाठ सोडत नव्हता. त्यांनी चूक केली. कुणीतरी कुठेतरी दोन नावं अदलाबदल केली. रात्री टाचणी झोपली की तिच्या श्वासाकडे कान देऊन ती हेच म्हणत पडे.

"तुला निबंधात काय विचारलं होतं?" प्रोफेसरने विचारलं.

"तुला जे विचारलं तेच."

"मी चांगला लिहिला होता."

"तू कधी वाईट लिहिलंयस?"

"मग का?"

टाचणीने खांदे उडवले. "मला कुठे माहीत. मलाही कळत नाही, का ते. उद्या पुन्हा लावला निकाल तर उलटाही लागेल." ती थोडी थांबली. "मी तुझ्या जागी असते आणि तू माझ्या, तर?"

"तर मी..."

"तुला कुणी विचारलंच नसतं. तू सोड असं म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. माझ्याही नाही."

खालून भांड्यांचे आवाज येत होते. कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला.

"हे बघ," टाचणी म्हणाली. तिने मोबाईल मेजावर ठेवला होता, दोघींना दिसेल असा. "आजीने सांगितलं, काकूने सांगितलं, बाबा तर माझ्या आधीच बोलले. तू राहिलीस. तू सांग. तू सोड म्हणालीस, तर मी सोडते."

"माझ्यावर का टाकतेस?"

"कारण दुसऱ्या कुणासाठी मी सोडणार नाहीये."

ती हे सरळ बोलली, आवाज न चढवता. प्रोफेसरला वाटलं, आता उठावं आणि म्हणावं, वेडी आहेस का. लहानपणी ती असंच म्हणायची आणि तिचा हात धरून ओढत न्यायची. तेवढं एक वाक्य बोलली तर खाली जाऊन दोघी मिळून सगळ्यांना गप्प करतील. तिने तोंड उघडलं.

"सोड," ती म्हणाली.

टाचणी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादं ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं आणि जवळ गेल्यावर ते दुसरंच निघावं, तशी बघत होती. मग तिने मोबाईल उचलला. तिचा अंगठा दोनदा हलला. पडद्यावर काहीतरी हिरवं झालं आणि तिने तो पडदा प्रोफेसरपुढे धरला.

प्रवेश स्वीकारल्याबद्दल विद्यापीठ तिचं स्वागत करत होतं.

"तू म्हणाली होतीस सोडशील."

"हो, म्हणाले होते."

"मग?"

"तू नको म्हणाली असतीस ना, तर मी खरंच सोडली असती." टाचणीने मोबाईल मेजावर उपडा ठेवला. "मी तयारी करून बसले होते. तू नको म्हणशील, मग मी सोडेन, आणि मग मला त्याचं काही वाटणार नाही."

प्रोफेसर उठून दारापर्यंत गेली. तिथे पाठमोरीच म्हणाली, "मी खोटं बोलायला हवं होतं."

"हो," टाचणी म्हणाली.

खाली जाऊन टाचणीने स्वतःच सांगितलं. "मी हो कळवलंय," एवढंच. आजीचा हात गुंड्यांच्या डब्यात थांबला. धाकट्याने आधी मोठ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि मग कुठे मुलीकडे. आत्या उठून तिच्याजवळ यायला निघाली होती, पण सून मध्ये उभी होती आणि ती बाजूला झाली नाही. मोठ्याने टेबलावरची चादर ओढून घडी केली, मोकळ्या भागावरचे कोट पुढे घेतले आणि इस्त्रीचं बटण दाबलं. रविवारी त्या घरात इस्त्री तापलेली कुणी पाहिली नव्हती. मास्तरांनी तो नियम आयुष्यभर पाळला होता.

"दादा, आज?" धाकटा म्हणाला.

"उद्या सकाळी द्यायचे आहेत," मोठा म्हणाला.

धाकट्याची संध्याकाळची पाळी होती. निघताना तो मुलीजवळ आला, तिच्या खांद्यावरचा नसलेला दोरा काढला आणि म्हणाला, "हळूहळू होईल सगळं." काय होईल ते त्याने सांगितलं नाही. आत्या त्याच्याबरोबरच निघाली. रस्त्याला लागल्यावर धाकटा म्हणाला, "बसने चल, मी सोडतो." ती नको म्हणाली. कोपऱ्यापर्यंत दोघं बरोबर चालली आणि तिथून ती एकटी गेली.

दिवेलागणीला प्रोफेसरचं डोकं दुखायला लागलं आणि ती न जेवता झोपली. मोठा खालीच होता. आजीने दूध घेतलं आणि ती आडवी झाली. स्वयंपाकघरात टाचणी आली तेव्हा काकू एकटीच होती. काकूने एक ताट घेतलं, पुसलं, मांडलं आणि म्हणाली, "बस."

टाचणी बसली. काकूने भात वाढला, भाजी वाढली. नेहमीइतकीच, कमी नाही. आत्ता काहीतरी बोलेल, रागावेल, रडेल, असं टाचणीला वाटत होतं, आणि त्यासाठी ती घास गिळून तयार होती. काकूने चार शिव्या दिल्या असत्या तर ती उठून तिच्या गळ्यात पडली असती. पण काकू समोरच्या खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत होती. खालून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज अधूनमधून वर येत होता.

ताटातला भात संपत आला. इतकी वर्षं तो संपत आला की न विचारता काकूचा हात यायचा आणि ताट पुन्हा भरायचं. दोन्ही मुली ओरडायच्या, पुरे, पुरे, आणि ती ऐकायची नाही. मुलांना विचारून वाढायचं नसतं, ती म्हणायची. पाहुण्यांना विचारतात.

काकूने भाताचं भांडं जवळ ओढलं, चमचा हातात घेतला आणि थांबली.

"अजून हवाय का?" तिने विचारलं.

"नको, काकू," टाचणी म्हणाली. "पोट भरलं."

काकूने भांड्यावर झाकण ठेवलं.